1941 नंतर एकदम 1946

अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंची आकडेवारी एका ठरलेल्या साच्यात छापतात. डावीकडे वर्ष, मग वय, संघ, लीग आणि पुढे फटके, धावा, होम रन (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) यांचे रकाने. एका हंगामाला एक ओळ. मला अशी पानं चाळायची खोड आहे. जो बाउमन या फलंदाजाचं पान काढलं, तर 1941 च्या ओळीत दिसतं: वय 19, संघ न्यूपोर्ट, सरासरी .215. लगेच खालची ओळ 1946 ची: वय 24, संघ अमरिलो, होम रन 48. मधली चार वर्षं छापलेलीच नाहीत. त्यांच्यासाठी रिकामी जागासुद्धा सोडलेली नाही.

या चार वर्षांत बाउमन कुठे होता याचं उत्तर एका शब्दात देता येतं: युद्धात. अवघड प्रश्न वेगळा आहे. फलंदाजाची चार वर्षं गेली म्हणजे नेमकं काय गेलं? मोठ्या लीगमधला नामांकित फलंदाज टेड विल्यम्स, त्याची 1943 ते 1945 अशी तीन वर्षं गेली. तो 1946 मध्ये परतला, .342 च्या सरासरीने खेळला आणि त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्टनच्या संघात त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. बाउमनसारखे हजारो जण मात्र अशा ठिकाणी खेळत होते, जिथे जागा राखून ठेवणं ही कल्पनाच नव्हती.

आधी ती जागा समजून घेऊ.

अमेरिकेत वर दोन मोठ्या लीग, त्यांना मिळून मेजर लीग म्हणतात. त्या काळी तिथे एकूण 16 संघ होते. त्याखाली मायनर लीग. मायनर म्हटल्यावर हौशी खेळ डोळ्यांपुढे येतो, पण हे पगारी, व्यावसायिक क्रिकेट, माफ करा, बेसबॉल असतं. फक्त पगार थोडा, प्रवास बसचा, आणि मैदान एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीतलं. आपल्याकडच्या रणजी संघाशी तुलना करायचा मोह होतो, पण ती फार पुढे जात नाही. रणजीचा संघ आपल्या राज्यासाठी खेळतो. मायनर लीगचा संघ खेळतो, आणि शिवाय खेळाडू घडवून वरच्या संघाला पुरवतो किंवा विकतो.

या मायनर लीगच्या पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली डी वर्ग, मग सी, बी, ए, आणि वर डबल ए. ट्रिपल ए हे नाव 1946 मध्ये आलं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा डी वर्गात शिरायचा. जमलं तर दरवर्षी एक पायरी चढायचा. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मेजर लीगच्या दारावर उभा राहायचा. बहुतेक जण मधेच गळायचे, ते चालायचंच.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर पुढचं सगळं सपाट वाटेल. मायनर लीगचा फलंदाज जोखताना संघाची माणसं 'किती केलं' एवढंच पाहत नाहीत, 'कितव्या वर्षी केलं' हेही पाहतात. सी वर्गात .300 ची सरासरी विसाव्या वर्षी काढली तर पोराकडे लक्ष ठेवा असं म्हणतात. तीच सरासरी चोविसाव्या वर्षी काढली तर म्हणतात, ठीक आहे, समोर पोरंच होती की. (बेसबॉलची सरासरी आपल्या क्रिकेटसारखी नसते. फलंदाजाने घेतलेल्या संधींपैकी कितींमध्ये फटका मारून बेस, म्हणजे धावताना गाठायचा थांबा, गाठला, त्याचं ते प्रमाण. .300 म्हणजे दहात तीन वेळा. तेवढं जमलं तरी चांगला फलंदाज म्हणतात.)

दुसरी गोष्ट मालकीची. खेळाडूच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम असायचं. त्यामुळे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला राही. संघ त्याला विकू शकत होता, पण तो स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. युद्ध सुरू झाल्यावर सैन्यात गेलेल्यांची एक वेगळी यादी केली. यादीतला खेळाडू संघाच्या ठरलेल्या संख्येत धरायचा नाही, पण त्याच्यावरचा हक्क संघाकडेच. पगार अर्थातच नाही. म्हणजे पोरगा कुठेतरी समुद्रात, आणि त्याचं नाव कपाटातल्या कागदावर सुरक्षित.

सप्टेंबर 1940 मध्ये अमेरिकेने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. 21 ते 35 वयाच्या पुरुषांनी नावं नोंदवायची. पर्ल हार्बरनंतर ही वयोमर्यादा दोन्ही बाजूंनी वाढली. 15 जानेवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांना पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: खेळ चालू राहिलेला देशाच्या भल्याचा आहे, लोकांना विरंगुळा हवा, पण भरतीच्या वयाचा जो कोणी खेळाडू असेल त्याने सैन्यात जायचं. या पत्राला 'हिरवा कंदील' म्हणतात. मेजर लीगला तो कंदील दिसला. मायनर लीगपर्यंत त्याचा उजेड फारसा पोचला नाही.

1941 साली चाळीसएक मायनर लीग होत्या. 1943 मध्ये त्यातल्या दहाएक उरल्या. डी वर्ग तर जवळजवळ पुसला गेला. कारणं साधी आहेत. खालच्या लीगमधली पोरं बरोब्बर भरतीच्या वयाची, बहुतेक अविवाहित, म्हणजे यादीत सगळ्यात वर. रबराची टंचाई, त्यामुळे टायरवर नियंत्रण. 1942 संपता संपता देशभर पेट्रोलचं रेशनिंग. ज्या लीगचा सगळा कारभार बसवर चालतो, तिचं टायर-पेट्रोलशिवाय काय होणार? किनाऱ्यालगत रात्रीचे दिवे मंद करायचे हुकूम, म्हणून रात्रीचे सामने अडले. आणि प्रेक्षक एकतर छावणीत, नाहीतर कारखान्याच्या पाळीत.

आपल्याकडे याच्या अगदी उलट झालं होतं. भारताने ऑगस्ट 1936 नंतर थेट जून 1946 मध्ये कसोटी सामना खेळला. वरचा मजला दहा वर्षं बंद. पण खालचा मजला गजबजलेला होता. रणजी चालू होती, मुंबईची पंचरंगी स्पर्धा चालू होती, हजारे आणि मर्चंट त्रिशतकांच्या चढाओढीत होते. विजय मर्चंट यांना आयुष्यात दहाच कसोट्या मिळाल्या, पण बॅट कधी गंजली नाही. अमेरिकेत वरचा मजला उघडा राहिला आणि खालचा जिनाच काढून नेला.

वरचा मजला उघडा तर होता, पण माणसं कुठून आणायची? मग 10 जून 1944 ला सिनसिनाटीने जो नक्सहॉल नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून उतरवला. 1945 मध्ये सेंट लुईस ब्राउन्सकडून पीट ग्रे खेळला, त्याला लहानपणीच्या अपघातामुळे उजवा हात नव्हता. आदल्या वर्षी मेंफिसच्या मायनर लीग संघासाठी त्याने .333 च्या सरासरीने फलंदाजी केली होती, तेव्हा त्याची संधी ही केवळ दया नव्हती. तरीही, धडधाकट मायनर लीग फलंदाज घरी असते तर ही दोन्ही नावं आज कुणाला आठवली असती का, मला शंका आहे. ज्यांना सैन्याने नाकारलं त्यांना युद्धाने दार उघडलं, आणि ज्यांना निवडलं त्यांच्यासाठी बंद केलं.

बाउमन नौदलात गेला आणि त्याला ठेवलं ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथे. नकाशा काढून पाहा, तिथून समुद्र शेकडो मैल दूर. पण तिथे नौदलाचा हवाई तळ होता, तळाचा बेसबॉल संघ होता, आणि सहा फूट पाच इंच उंचीचा हा डावखुरा पोरगा त्या संघात खेळला. नशीबवान म्हणायचा. बॅट हातात राहिली. या तळांवरच्या संघांत मेजर लीगचे खेळाडूही असत, त्यामुळे न्यूपोर्टच्या डी वर्गापेक्षा कधी कधी समोर बरा पिचर मिळे. फक्त हे सगळं कुठल्याही अधिकृत पानावर चढत नाही.

सगळेच नशीबवान नव्हते. बिली साउथवर्थ ज्युनिअर हे नाव घ्यायला हवं. त्याचे वडील सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक, 1942 आणि 1944 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकलेले. पोरगा मायनर लीगमध्ये, 1939 ला न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावच्या संघासाठी .342 च्या सरासरीने खेळून आपल्या लीगचा सर्वोत्तम ठरला आणि 1940 ला टोरंटोच्या, म्हणजे बऱ्याच वरच्या पायरीवरच्या संघात पोचला. त्या वर्षीच्या डिसेंबरात, पर्ल हार्बरच्या वर्षभर आधी, तो आपणहून सैन्यात गेला. बी-17 बॉम्बर विमानाचा वैमानिक झाला. युरोपवरच्या 25 मोहिमा त्याने डोक्यावर कार्डिनल्सची टोपी घालून पुऱ्या केल्या. धडधाकट परतला. आणि 15 फेब्रुवारी 1945 ला न्यूयॉर्कजवळ सरावाच्या उड्डाणात त्याचं बी-29 विमान फ्लशिंगच्या खाडीत कोसळलं. मृतदेह सापडायला ऑगस्ट उजाडला.

मेजर लीगमध्ये खेळलेले दोन जण या युद्धात लढताना मारले गेले. मायनर लीगच्या मृतांचा आकडा शंभराच्या वर जातो.

जे परतले त्यांच्या बॅटचं काय झालं, ते आता. बेसबॉलमध्ये पिचर आणि फलंदाज यांच्यातलं अंतर 60 फूट 6 इंच. ताशी 90 मैलांनी टाकलेला चेंडू ते अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. टप्पा पडत नाही, म्हणजे वाचायला आपल्यासारखी खेळपट्टी नाही. पिचरच्या बोटांतून चेंडू सुटताना जे दिसेल त्यावर, त्या 0.4 सेकंदाच्या पहिल्या भागातच, बॅट फिरवायची की नाही ते ठरवायचं. गोल बॅट, गोल चेंडू. ही नजर ताकदीने येत नाही, हजारो चेंडू पाहून येते. म्हणूनच मायनर लीग असतात. डी वर्गातला पोरगा सरळ वेगवान चेंडू मारायला शिकतो, बी वर्गात त्याला वळणारा चेंडू सोडायला शिकावं लागतं, ए वर्गातला पिचर त्याला एकच गोष्ट दोनदा दाखवत नाही. प्रत्येक पायरी म्हणजे एक इयत्ता. युद्धात गेलेल्यांच्या तीन-चार इयत्ता बुडाल्या.

शिवाय त्या कुठल्या वयात बुडाल्या? फलंदाज साधारण सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षी ऐन भरात असतो. विसाव्या ते तेविसाव्या वर्षांत तो शिकतो. विल्यम्सची भराच्या उंबरठ्यावरची वर्षं गेली, तीही मोठीच हानी, पण शिकून झालेलं होतं. बाउमनची शिकायची वर्षं गेली.

मग 1946 उजाडलं. एका वर्षात चाळीसच्या वर लीग परत उभ्या राहिल्या, 1949 पर्यंत त्या 59 झाल्या. लोक खेळासाठी भुकेलेले होते. वाटेल की परतलेल्यांना जागाच जागा. पण रांगही तेवढीच लांब झाली होती. 1941 चे वीस वर्षांचे, 1942 चे, 1943 चे, सगळे एकदम दारात, आणि त्यांच्या मागे नुकतेच शाळेतून निघालेले अठरा वर्षांचे ताजे गडी. ब्रुकलिन डॉजर्सनी 1948 मध्ये फ्लोरिडातल्या व्हेरो बीच इथला नौदलाचा जुना तळच सरावासाठी घेतला. मेजरचा संघ आणि त्याखालच्या वीसहून जास्त संघांचे शेकडो खेळाडू एकाच ठिकाणी, नौदलाच्याच बराकींत. नुकता गणवेश उतरवून ठेवलेल्या पोराला परत त्याच खाटेवर झोपताना काय वाटलं असेल?

त्याआधी, 1946 मध्येच, मेजर लीगच्या खालच्या सगळ्या जिन्यावर आणखी एक बदल झाला. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू त्या वर्षी माँट्रियालच्या मायनर लीग संघाकडून खेळला. तोही सैन्यातून आलेला. त्याआधी काळ्या फलंदाजांना या जिन्याची पहिली पायरीही चढू देत नसत, त्यामुळे माँटी अर्विनसारख्या खेळाडूची युद्धात गेलेली वर्षं आणि वर्णभेदात गेलेली वर्षं वेगळी काढताच येत नाहीत. तो विषय मोठा आहे, इथे दोन ओळींत उरकणं बरं नाही.

कायद्याची गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, कारण तिच्यात सगळी गोम आहे.

भरतीच्या त्याच 1940 च्या कायद्यात एक आश्वासन होतं. परत आलेल्या माणसाला त्याचं जुनं काम द्यायचं आणि सबळ कारणाशिवाय वर्षभर काढायचं नाही. मे 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेल्डरच्या खटल्यात याचा अर्थ लावताना एक उपमा वापरली, ती पुढे कायद्याच्या भाषेत रुळली. सेवाज्येष्ठता म्हणजे सरकता जिना. सैनिक जिथे उतरला तिथे नाही, तर तो उतरलाच नसता तर आज जिथे पोचला असता तिथे त्याला चढवायचं.

गिरणीत, गोदीत हे जमतं. तिथे वर्षं मोजली की झालं. पण डी वर्गात .215 काढलेला एकोणीस वर्षांचा फलंदाज चार वर्षांत कुठे पोचला असता? बी वर्गात? मेजरमध्ये? की घरी? बेसबॉलचा जिना सरकता नाही, तो एकेक पायरी सिद्ध करून चढायचा असतो. कायदा फार तर जुनी पायरी परत देऊ शकतो.

आणि संघांना तेवढंही नको होतं. त्यांनी स्वतःचा नियम केला: परतलेल्याला हंगामाआधीच्या सरावात 30 दिवस किंवा हंगामात 15 दिवस आजमावायचं. मग पटलं नाही तर रामराम. अल निमेक या खेळाडूने याला हरकत घेतली. निमेकची एक जुनी ओळख म्हणजे 1937 च्या डिसेंबरात बोस्टनने सॅन डिएगोकडून कोवळा टेड विल्यम्स घेतला, तेव्हा मोबदल्यात जे खेळाडू दिले त्यांत तो होता. पुढे तो सिअ‍ॅटल रेनिअर्सकडून खेळला, मग नौदलात गेला. 1946 मध्ये परत आला तेव्हा वय 35. अकरा सामने खेळवून संघाने त्याला मोकळं केलं. महिना 720 डॉलरचा करार होता. संघाचं म्हणणं, तो आता पूर्वीसारखा राहिला नाही. त्याचं म्हणणं, कायद्याने वर्षभराची हमी दिली आहे. 21 जून 1946 ला सिअ‍ॅटलच्या संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला. बेसबॉलचा अंतर्गत नियम देशाच्या कायद्यापेक्षा मोठा नाही, संघाने त्याला हंगामाचा ठरलेला पगार द्यायलाच हवा.

निमेक जिंकला आणि त्याची कारकीर्द संपली. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पैसे मिळाले, बॅटला चेंडू मिळाले नाहीत. मला तरी न्यायाधीश बरोबर वाटतात, पण संघ व्यवस्थापकाचंही गणित समजतं: पस्तिशीतल्या माणसाला खेळवायचं म्हणजे विशीतल्या एकाला बाकावर बसवायचं, आणि तो विशीतला गडीही कदाचित दोन वर्षं युद्धात घालवून आलेला.

आता परत बाउमनकडे. 1946 ला त्याला टेक्सासच्या अमरिलोला पाठवलं, सी वर्गात. पाच वर्षांपूर्वी डीमध्ये होता, आता सीमध्ये, म्हणजे पाच वर्षांत एक पायरी. 48 होम रन मारले, सरासरी .301. पुढच्या वर्षी त्याच संघात .350 आणि 38 होम रन. कुठल्याही एकवीस वर्षांच्या पोराने हे केलं असतं तर संघाची माणसं घरी जाऊन आईला भेटली असती. बाउमन पंचवीस वर्षांचा होता. 1948 मध्ये बोस्टन ब्रेव्हजच्या ए वर्गातल्या हार्टफर्ड संघात त्याला जागा मिळाली. तिथे .275 आणि फक्त 10 होम रन. वाईट नाही, पण डोळ्यांत भरणारंही नाही. पिचर हुशार होते आणि ज्या इयत्ता बुडाल्या होत्या त्या नेमक्या याच.

ब्रेव्हजनी पुढच्या हंगामासाठी जो पगार देऊ केला तो ऐकून बाउमन म्हणाल्याचं सांगतात, की ओक्लाहोमा सिटीच्या नाक्यावर बुटाच्या नाड्या विकून मला यापेक्षा जास्त मिळतील. आणि तो खरंच परत गेला. ओक्लाहोमात रूट 66 या प्रसिद्ध हमरस्त्यावर एल्क सिटी नावाचं गाव आहे. तिथे त्याने टेक्सॅको कंपनीचा पेट्रोल पंप चालवला आणि गावच्या अर्धव्यावसायिक संघाकडून तीन हंगाम खेळला.

आता आकडेवारीच्या पानाकडे पुन्हा बघा. 1948 नंतरची ओळ थेट 1952 ची आहे. पानात दुसरी फट. पहिली सरकारने पाडली, दुसरी त्याने स्वतः. पान दोन्हींत काही फरक करत नाही. मी करतो, पण थोडाच. सव्विसाव्या वर्षी ए वर्गात असलेल्या माणसाने हिशेब मांडला असणार: अजून दोन-तीन पायऱ्या, तुटपुंजा पगार, हाताशी संसार. हाच माणूस बाविसाव्या वर्षी ए वर्गात असता तर नाक्यावरच्या नाड्यांची आठवण त्याला झाली असती का? युद्धाने चार वर्षं नेली, हे खरं. पण परत आलेल्याला त्याने रांगेत अशा वयाला उभं केलं, की रांग सोडणंच शहाणपणाचं ठरावं. हंगाम मोजून हे नुकसान कळत नाही.

1952 ला तो न्यू मेक्सिकोतल्या आर्टिझियाकडून सी वर्गात परतला. 50 होम रन, मग 53. 1954 मध्ये शेजारच्या रॉझवेलकडे गेला. हो, तेच उडत्या तबकडीचं रॉझवेल. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच, हवा कोरडी आणि विरळ, चेंडू हवेत जरा जास्तच जातो. तिथेही त्याने पेट्रोल पंप चालवला. दिवसा गाड्यांमध्ये पेट्रोल भरायचं, काचा पुसायच्या, संध्याकाळी मैदानावर. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी असे. होम रन झाला की लोक एक-एक डॉलरची नोट गुंडाळून त्या जाळीच्या भोकातून बाहेर काढत आणि फलंदाज धाव पूर्ण करून, जाळीच्या कडेकडेने चालत त्या नोटा गोळा करी. त्या लीगमध्ये ही रीतच होती. वर प्रत्येक होम रनला गावातल्या मांसविक्रेत्या कंपनीकडून एक हॅम.

मायनर लीगचा तेव्हाचा विक्रम होता 69. जो हाउझरने तो 1933 मध्ये केला होता आणि 1948 मध्ये बॉब क्रूझने अमरिलोकडून त्याची बरोबरी केली होती. क्रूझचा एक फटका कुंपणाच्या वरच्या फलकाला लागून मैदानात परत आला आणि अंपायरने तो होम रन धरलाच नाही. नाहीतर सत्तर. याच 1948 च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी, आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. क्रूझ आणि निंबाळकर यांची गाठ पडली असती तर बोलायला बरंच होतं.

बाउमनने 31 ऑगस्टला एका सामन्यात चार होम रन मारून 68 गाठले. हंगामाचा शेवटचा दिवस 5 सप्टेंबर, आर्टिझियात एकाच दिवशी दोन सामने. त्याला जास्त संधी मिळावी म्हणून संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर पाठवलं, एरवी असला धिप्पाड, संथ धावणारा गडी सलामीला कोण पाठवतो? पहिल्या सामन्यात सत्तरावा. दुसऱ्यात आणखी दोन. एकूण 72, सरासरी .400, आणि त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा 224. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके होम रन त्यानंतर 2001 पर्यंत कुणी मारले नाहीत. बॅरी बाँड्सने 73 मारले तेव्हा पत्रकारांना रॉझवेलच्या म्हाताऱ्या बाउमनचा फोन नंबर शोधावा लागला असणार.

त्या वर्षी मेजर लीगमधून त्याला बोलावणं आलं नाही. वय 32, सी वर्ग, विरळ हवा, मैदानात फक्त फर्स्ट बेसला उभा राहू शकणारा. प्रत्येक आक्षेप रास्त आहे. दोन वर्षांनी त्याने खेळ सोडला. मायनर लीगमध्ये एकूण 337 होम रन.

मग युद्ध झालंच नसतं तर? इथे बेसबॉलवेडे लोक एक खेळ खेळतात. गेलेल्या वर्षांच्या आधीची आणि नंतरची सरासरी घ्यायची, मधली वर्षं भरून काढायची. विल्यम्सने 521 होम रन मारले, युद्धं नसती तर साडेसहाशेच्या पुढे गेला असता, वगैरे. विल्यम्ससाठी हे थोडंफार चालतं, कारण दोन्ही टोकांना भक्कम आकडे आहेत. बाउमनच्या एका टोकाला डी वर्गातलं .215 आहे, आणि डी वर्गातले .215 वाले एकोणीस वर्षांचे बहुतेक पोरगे, युद्ध असो नसो, दोन वर्षांत घरी गेले असते. कदाचित नौदलाच्या त्या संघातच तो खरा फलंदाज झाला असेल. चोविसाव्या वर्षी 48 होम रन मारणारा माणूस एकोणिसाव्या वर्षी तीन होम रन मारत होता, त्या दोघांच्या मधल्या चार वर्षांत काहीतरी घडलं हे नक्की. ते काय, हे सांगणारी ओळ छापलेली नाही.

रॉझवेलच्या मैदानाला पुढे त्याचं नाव दिलं. 2005 च्या ऑगस्टमध्ये त्या नामकरणाच्या समारंभात तो पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि 20 सप्टेंबरला तो गेला. वय 83. त्याच्या नावाने एक पुरस्कार 2002 पासून देतात, त्या वर्षी मायनर लीगमध्ये सगळ्यात जास्त होम रन मारणाऱ्याला. रक्कम ठरलेली नाही. होम रनमागे 200 डॉलर. पहिल्या वर्षी मेंफिसच्या आयव्हन क्रूझने 35 मारले आणि त्याला 7,000 डॉलरचा धनादेश मिळाला. जाळी आता नसते.